पोषण माहातली रांगोळी पुरे, मुलांना वजनकाट्याजवळ येऊ द्या

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांचे शिक्षणाधिकारी, सर्व गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य

स. न. वि. वि.

सप्टेंबर उजाडला की आपल्या शाळांत एकदम लगबग सुरू होते. प्रभातफेरी निघते, हिरव्या भाज्यांच्या घोषणा होतात, व्हरांड्यात गाजर-मुळा-पालकाची तिरंगी रांगोळी पडते. कुणीतरी मोबाईल काढतं, फोटो गटावर जातो, गटावरून वर जातो. ऑक्टोबर लागला की तीच मुलं पाच रुपयांची कुरकुरीत खाऊची पुडी फोडत फाटकातून आत येतात. पोषण माह 2018 पासून आहे, त्याआधीचा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला पोषण सप्ताह तर 1982 पासूनचा. घोषणा पाठ व्हायला एवढा काळ पुष्कळ झाला.

मी अमळनेर तालुक्यात हायस्कूलला विज्ञान शिकवत होते. आता निवृत्त आहे आणि गावातल्या प्राथमिक शाळेत हौसेने जाते. माझी मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. मुलांना आहार शिकवायचा असेल तर त्यांना शाळेच्या स्वयंपाकात घ्या. खायला नव्हे, त्याला ती येतातच. मोजायला घ्या, निवडायला घ्या, भिजवायला, पेरायला, हिशेब करायला घ्या. वर्गापासून दहा पावलांवर रोज चूल पेटते, डाळ शिजते, फोडणी बसते. तिकडे मुलांना फिरकू द्यायचं नाही आणि इकडे वर्गात बसवून त्यांच्याकडून सकस आहाराचं चित्र रंगवून घ्यायचं, ही कसली रीत? त्या चित्रात पुन्हा ब्रोकोली असते, कारण नमुना इंटरनेटवरून उतरवलेला असतो. पारोळ्याच्या खेड्यातल्या पोरीने ब्रोकोली कुठे पाहिली असणार? तिला अंबाडी माहीत आहे, कटुर्लं माहीत आहे, शेवग्याचा पाला माहीत आहे. ते चित्रात नसतं.

शालेय पोषण आहाराचं प्रमाण ठरलेलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला हेच 150, 30, 75 आणि साडेसात. त्यातून लहान मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, मोठ्याला 700 आणि 20, असा हिशेब. पुष्कळ शाळांच्या भिंतीवर हा तक्ता ऑइल पेंटने रंगवलेला असतो. मुलं त्याला पाठ टेकून बसतात.

चौथीच्या वर्गात मी किराणा दुकानातला छोटा इलेक्ट्रॉनिक काटा नेला आणि मुलांना म्हटलं, तुमच्या एकट्याच्या वाट्याची डाळ मोजा. मुलं मूठ भरून टाकायला लागली. काट्यावर आकडा पुढे पळाला की परत काढायची. शेवटी 20 वर थांबलेली तूरडाळ एका पोराने तळहातावर घेतली आणि म्हणाला, "इतलीच?" त्याच डाळीवर पुढचा तास गेला. हजर मुलं तीस, मग डाळ किती? 600 ग्रॅम. तांदूळ तीन किलो, भाजी दीड किलो, तेल 150 ग्रॅम. गुणाकाराचा कंटाळा करणारी मुलं इथे आपसात भांडत होती, कारण हिशेब त्यांच्या पोटाचा होता. मग एक मुलगी म्हणाली, आज आलेली भाजी पण मोजू या. ती किती भरली ते मी इथे लिहीत नाही. एवढं सांगते की पुढच्या आठवड्यापासून पातेल्यात दुधी आणि भोपळा दिसायला लागला. त्यासाठी कुणी तक्रार केली नव्हती, पोरांनी फक्त मोजलं होतं.

तुमच्यापैकी काहींना हे रुचणार नाही, मला कल्पना आहे. मोजणारी मुलं अवघड जातात. पण आपण काय खातो, किती खातो आणि किती मिळायला हवं, हे ज्याला कळलं त्याला पोषण कळलं. बाकी प्रथिनांची व्याख्या परीक्षेपुरती.

इथे एक काळजी घ्यावीच लागेल. स्वयंपाकात घ्या म्हणजे राबवून घ्या असं नव्हे. चुलीजवळ, उकळत्या पातेल्याजवळ मुलं नकोत, विळी-सुरी तर नकोच. डाळ निवडणं, मोजणं, मटकी भिजवणं, मेथी-तांदुळजा खुडणं, लिंबू पिळणं, वाढणं, एवढीच कामं त्यांची. आणि मुलगे काट्यावर, मुली भांड्यांवर, असं होऊ देऊ नका. वाढायला कुणाला उभं करायचं आणि कुणाला नाही, यातही गावातल्या जुन्या खोडी डोकं वर काढतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाळी लावा, हजेरीच्या क्रमाने. वाद उरत नाही.

मटकीवरून आठवलं. आठवड्यातून एकदा तरी मोड आलेलं कडधान्य शाळेत शिजतं. ते आयतं पातेल्यात पडण्याऐवजी दोन दिवस आधी वर्गात भिजवा. रात्रभर पाण्यात, मग ओल्या फडक्यात बांधून खुंटीला. सकाळी आल्याबरोबर दप्तर टाकून मुलं आधी फडकं बघतात. मोड आले की कडधान्यात क जीवनसत्त्व वाढतं, पचायलाही ते हलकं होतं. क जीवनसत्त्व असलं की भाजी-डाळीतलं लोह अंगी जास्त लागतं, म्हणून उसळीवर लिंबू. हे सगळं एका फडक्याभोवती बसून सांगता येतं. सहावीच्या पुढे आयोडीनचा थेंब टाकून पिष्ट ओळखायचा प्रयोग आहेच. बटाटा, भात, भाकरी, सगळे निळे-काळे पडतात, आणि शेंगदाणा कागदावर चोळला की तेलाचा डाग उमटतो. आयोडीन लावलेलं कुणी तोंडात घालणार नाही याकडे तेवढं लक्ष ठेवा.

आता कळण्याच्या भाकरीकडे येते, कारण माझ्या मते खान्देशातल्या कुठल्याही आहार-उपक्रमाची सुरुवात तिच्यापासून व्हावी. ज्वारीत उडीद आणि मीठ घालून दळायचं, साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी उडीद. घरोघरी प्रमाण थोडं वेगळं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी पडतो, तो उडीद भरून काढतो. उडदात मेथिओनिन हा दुसरा घटक कमी, तो ज्वारी देते. आपल्या आज्या-पणज्यांना ही नावं माहीत नव्हती, भाकरी माहीत होती. ठेच्यासोबत, भरतासोबत, कच्च्या कांद्यासोबत ती पिढ्यान् पिढ्या खाल्ली गेली. आणि आज? शहरातल्या एका शाळेने पालकांना डब्याचं वेळापत्रक दिलेलं मी स्वतः वाचलं आहे. सोमवारी सँडविच, मंगळवारी पास्ता, बुधवारी इडली, गुरुवारी पोळी-भाजी. आठवड्यात भाकरीला एक वार नाही. आई सकाळी दादर ज्वारीची भाकरी थापते, स्वतः खाते, आणि पोराच्या डब्यात ब्रेड भरते, कारण डबा उघडल्यावर पोराला हसतात.

म्हणून उपक्रम असा करा. मुलांना घरून एक-एक वाटी ज्वारी आणायला सांगा. कुणाची दादर येईल, कुणाची संकरित, कुणी बाजरी आणेल, सातपुड्याच्या पायथ्याला कुणी मोर, भगर किंवा बंटी ही बारीक भरडधान्यं आणेल. कागदावर मांडा, रंग बघा, दाणा दाताखाली धरून बघा, कुणाच्या वावरातली ते लिहा. मग उडीद मिसळा, गिरणीवर मुलांसोबत जा, कळणा दळून आणा. भाकरी थापायला कुणाला बोलवायचं हे मुलांना विचारा. आमच्याकडे एका मुलाची आजी आली. ती पीठ मळताना बोलत होती ते ऐकायला दोन वर्ग बसले, आणि मागे बसलेला एकजण उठून म्हणाला, "हाई ते आमना घर भी शे!" त्याला वाटत होतं घरचं ते घरचं, शाळेत शिकवतात ते काहीतरी दुसरंच असतं.

शासनाचा धान्याचा पुरवठा मुख्यतः तांदळाचा, त्यामुळे भाकरी खाणाऱ्या मुलखात शाळेचं जेवण म्हणजे खिचडी, हे समीकरण बसून गेलं आहे. ते बदलणं तुमच्या हातात नाही, हे मान्य. महिन्यातून एक दिवस लोकवर्गणीतून कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ करणं मात्र आहे. उत्साही समिती असेल तर दोन दिवस.

शाळेत हे सगळं जिला शिकवता येतं ती बाई चुलीशी बसलेली असते, आणि तिला आपण शिक्षकांत धरत नाही. स्वयंपाकी-मदतनीस ताईला महिन्याला अडीच हजारांच्या आसपास मानधन मिळतं, तेही वेळेवर मिळेल तर. डाळ किती पाण्यात गळते, कोणत्या महिन्यात कोणती भाजी स्वस्त, पालक शिळा झाला कसा ओळखायचा, हे तिला येतं. तिला महिन्यातून एक तासिका द्या. परिपाठात तिचं नाव घ्या. कोण कोणत्या दिवशी जेवला नाही हे वर्गशिक्षकाच्या आधी तिला ठाऊक असतं, हा आणखी एक फायदा.

परसबागेबद्दल थोडं कडू बोलणार आहे. स्पर्धा लागली की रोपवाटिकेतून तयार रोपं येतात, तपासणीच्या आदल्या दिवशी लागतात, वाफ्यांना पांढरा चुना मारला जातो. पथक गेलं की शेळ्या येतात. ज्या बागेला मुलाचा हात लागला नाही तिच्यातून ते काही शिकत नाही. बाग लहान असू द्या, दोन वाफे पुरे. बी मुलांनी टोकायचं. पावसाळ्यात अंबाडी, तांदुळजा, गिलकं, वाल. हिवाळ्यात मेथी, मुळा, पालक. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाग मरते, म्हणून टिकणारी झाडं कडेने लावा. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई, एखादी केळ. पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न आपल्या भागात फेब्रुवारीपासूनच पडतो. हात धुवायच्या नळाखाली चर खणा आणि तो शेवग्याच्या आळ्यात सोडा. शंभर मुलं जेवणाआधी आणि जेवणानंतर हात धुतात, शेवग्याला तेवढं पुष्कळ झालं.

आणि मुलं स्वतः पिकवलेलं खातात, हे मी पाहिलं आहे. गिलक्याला नाक मुरडणारा पोरगा स्वतः पाणी घातलेल्या वेलाचं गिलकं घरी घेऊन गेला आणि आईकडून भाजी करवून घेतली. पहिल्या घासाला आवडलीच असं नाही. नवी चव मुलाच्या जिभेवर बसायला आठ-दहा वेळा ती समोर यावी लागते, कधी त्याहून जास्त. आपण दोनदा वाढतो आणि "याला भाजी आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो. घरातले मोठे तर पोरासमोरच मारतात.

पुडीचं काय करायचं? बंदी आहे, कागदावर. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकता येत नाहीत. आपल्या किती शाळांसमोरची टपरी 50 मीटरवर आहे, हे मुलांनाच टेपने मोजायला लावा असं मला फार वाटतं, पण टपरीवालाही कुणाचा तरी बाप असतो. भांडण लावण्यापेक्षा वाचायला शिकवलेलं बरं. मुलांना रिकाम्या पुड्या आणि बाटल्या गोळा करायला सांगा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. सगळ्यात पहिलं नाव ज्याचं, ते पुडीत सगळ्यात जास्त. थंड पेयाच्या बाटलीवर 100 मिलिलिटरला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर लिहिलेली असते, म्हणजे पावलिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे. ती साखर पारदर्शक ग्लासात चमच्या-चमच्याने टाकून दाखवा. भाषण देऊ नका, गप्प बसा, मुलंच बोलतात.

मग त्यांना पन्नास रुपये द्या, पाच जणांचा गट करा आणि आठवडी बाजारात सोडा. पाच जणांचा मधल्या सुट्टीचा खाऊ आणायचा, एवढंच सांगा. शेंगदाणे, गूळ, पेरू, बोरं, केळी, भाव करत करत मुलं काय-काय आणतात ते बघा. रावेर-यावलच्या पट्ट्यात तर मला हसू येतं आणि राग पण येतो. केळीचा जिल्हा आपला, जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन, भाव पडले की घडच्या घड ढोरांपुढे, आणि त्याच गावातलं पोर मधल्या सुट्टीत केळं नव्हे तर मक्याच्या पिठाचे फुगे खातं. नवापूरची तूरडाळ, जळगावचं भरताचं वांगं यांनाही मानांकन आहे. भूगोलाच्या तासाला हे एवढं सांगितलं तरी चालेल.

राज्याने 2023 च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं सुरू केलं होतं, जानेवारी 2025 मध्ये त्याचा निधी थांबला. आता ते लोकवर्गणीवर. निदान केळ्यांची वर्गणी मागायला आपल्या भागात कुणाला लाज वाटू नये. बागायतदाराला घडाचं काय, समितीने तोंड उघडलं पाहिजे.

चहाचा मुद्दा छोटा, पण सोडवत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत आई पहाटेच वावरात जाते. पोर उठून चहात टोस्ट बुडवून शाळेत येतं, अकरा-बारापर्यंत तेवढ्यावर काढतं. जेवणाच्या अंगाला लागून घेतलेला चहा लोह नीट शोषू देत नाही. हे मुलांना सांगा, पण त्या आईला सभेत उभं करून सांगू नका. तिला मूठभर शेंगदाणे-गूळ डब्यात ठेवायला सुचवा, किंवा रात्रीची भाकरी दह्या-ताकात कुस्करून ठेवायला. जमेल तेवढं ती करते.

याच कारणासाठी डबा तपासणी बंद करा. "पौष्टिक डबा" म्हणून कुणाला चांदणी आणि कुणाला काही नाही, हा प्रकार क्रूर आहे. डबा मूल भरत नाही, घर भरतं, आणि घराच्या खिशाला मूल जबाबदार नाही. वर्गात वजन-उंची घेताना आकडा मोठ्याने वाचू नका. "बारक्या" आणि "भोपळा" ही नावं मुलांना तिथूनच पडतात. कुणाच्या घरी मासे, कुणाच्या घरी खेकडे, धडगाव-अक्कलकुव्याकडे मोहाची फुलं, रानभाज्या. यांना चांगलं-वाईट अशी वर्गवारी लावण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तक्त्यावर यांनाही जागा द्या.

नंदुरबारच्या आणि पायथ्याच्या तालुक्यांतल्या शिक्षकांसाठी एक गोष्ट आवर्जून. पांढुरकं, सतत दमणारं, सांधे दुखतात म्हणणारं मूल दिसलं की "भाजी खात नाही" असा निष्कर्ष काढू नका. आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. तो पालकाच्या भाजीने बरा होत नाही आणि लोहाच्या गोळीने तर आपल्या मनाने मुळीच नाही. रक्ततपासणी करून घ्या, आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने चाला. आहाराच्या उपक्रमाची मर्यादा कुठे संपते हे उपक्रम घेणाऱ्याला माहीत असावं.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, त्यात आहाराची रोजची नोंद. त्यावर आणखी एक उपक्रम म्हटलं की कपाळाला आठी पडते, आणि ती बरोबरच पडते. म्हणून शिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की यासाठी नवं परिपत्रक काढू नका, नवा नमुना तर नकोच. आठवड्यातली एक तासिका, गणिताची किंवा विज्ञानाचीच, काट्याजवळ घ्यायची मोकळीक द्या, आणि तिचा फोटो मागू नका. फोटो मागितला की पुन्हा रांगोळी सुरू होते. पोषण माहाचा खर्च बॅनरवर होतो, त्यातून प्रत्येक शाळेला एक चांगला वजनकाटा द्या. हजार-दीड हजारात येतो, वर्षानुवर्षं टिकतो.

शाळा व्यवस्थापन समित्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच्या सभेत दोन विषय घ्यावेत. ताईंची तासिका आणि हात धुवायच्या नळाचा चर. कळण्यासाठी उडीद लागेल, तो आमच्या गावातून मी मिळवून देते. पहिल्या वर्षी ज्या शाळांना काट्यावर बसायला माणूस हवा असेल त्यांनी कळवावं. अमळनेर, पारोळा, चोपडा एवढ्या टप्प्यात एसटीने मी येऊ शकते. शनिवारची सकाळची शाळा सोयीची पडेल.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
अमळनेर तालुका